गेनबानं क्रूझ सुटू दिला नाही

हमरस्त्याला लागून हिवरखिंड नावाचं गाव आहे. त्या गावात गेनबा नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणायचं ते आपली रीत म्हणून.

गेनबा दौलत मिस्त्रीच्या गॅरेजात कामाला होता. त्याचा एक मोठा गुण होता. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. विसरला असता तर चार लोक सुखी झाले असते.

एक दिवस यशवंता दूधवाला टेम्पो घेऊन आला. म्हणाला, "गिअरबॉक्स खडखडतोय. गेला बहुतेक."

मिस्त्री जेवायला गेले होते. गेनबानं गिअरबॉक्स उतरवला आणि त्याचा दाता न् दाता मोकळा करून जमिनीवर मांडला. मिस्त्री आले. त्यांनी टेम्पोच्या मागं डोकावून पाहिलं. दुधाचा रिकामा कॅन आडवा पडला होता. खडखडत होता तो.

मिस्त्री म्हणाले, "गेनबा, मालक काय सांगतो ते ऐकायचं नाही. गाडी काय सांगते ते ऐकायचं."

"बरं मिस्त्री. लक्षात ठेवतो."

आणि ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बाबाजी पोस्टमन मोटारसायकल ढकलत, पळत आला. सीटखालून धूर येत होता.

"गेनबा, पाणी ओत. पाणी."

गेनबा शांतपणे उठला. गाडीपाशी बसला आणि टाकीला कान लावला.

"अरे, पाणी ओत की."

"तुमचं ऐकायचं नाही. गाडी अजून काही बोलली नाही."

गाडी बोलेपर्यंत सीट जळून गेली. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "गाढवा, धूर दिसला की आधी पाणी ओतायचं. काय पेटलं ते मग विचारायचं."

"बरं मिस्त्री. लक्षात ठेवतो."

तिसऱ्या दिवशी सकाळी रंगराव मोहिते आले. लेकाचं, धैर्यशीलचं, लग्न होतं. पन्नास किलोमीटरवरच्या आंबेगव्हाणात, बारा-दहाचा मुहूर्त. नवरा मुंडावळ्या बांधून मागच्या सीटवर बसला होता. वऱ्हाड पुढं गेलं होतं.

रंगरावांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. पाय दाबून धरवत नव्हता. पण गाडीला क्रूझ कंट्रोल होतं. एकदा बटण दाबलं की गाडी ठरल्या वेगानं आपली आपण चालते, ॲक्सिलेटरवर पाय लागत नाही. ब्रेकला पाय लागला की ते सुटतं. रंगराव त्याच्याच भरवशावर निघाले होते.

"मिस्त्री, क्रूझ धरतच नाही. लावला की सुटतोय. दुसरा ड्रायव्हर आता कुठून आणू?"

मिस्त्री गाडीमागं गेले. ब्रेकवर कुणाचा पाय नव्हता, तरी मागचा लाल दिवा लागलेला. बस, तिथंच कळलं. ब्रेकच्या पेडलमागचा स्विच चिकटला होता. गाडीला वाटत होतं ब्रेक दाबलेलाच आहे, म्हणून ती क्रूझ सोडत होती. मिस्त्रींनी नवा स्विच बसवला. दिवा विझला.

"रस्त्यावर चालवून बघायला पाहिजे," मिस्त्री म्हणाले. "पण तुम्हाला उशीर झालाय. गेनबाच चालवत नेईल. वाटेतच बघणं होईल. मी मोपेडवर मागून येतो."

मग गेनबाकडं वळून म्हणाले, "क्रूझ सुटला नाही पाहिजे. मी सांगेपर्यंत ब्रेकला पाय लावायचा नाही."

"बरं मिस्त्री. लक्षात ठेवतो."

इथं मिस्त्रींची अक्कलही गेनबाच्या शेजारी बसवायला हरकत नाही.

गाडी निघाली. रस्ता रुंद, सरळ. गेनबानं साठवर क्रूझ लावला. सुटला नाही. मोपेडची धाव तीसची. पाच मिनिटांत मिस्त्री दिसेनासे झाले.

पावणेबाराला आंबेगव्हाण आलं. मंगल कार्यालय रस्त्यालाच होतं. बाहेर बँड वाजत होता. करवल्या ओवाळायला उभ्या होत्या.

"गेनबा, आलं. थांबव."

"मिस्त्रींनी सांगितलं नाही."

"अरे, मी सांगतोय. गाडीचा मालक."

"मालकाचं ऐकायचं नाही," गेनबा म्हणाला, आणि डॅशबोर्डकडं कान केला. "गाडीची काही तक्रार नाही."

बँडवाल्यांनी गाडी पाहून वाजवायचा जोर वाढवला. गाडी पुढं गेल्यावर कमी केला.

"बाबा, काहीतरी करा," मागून धैर्यशील म्हणाला.

"काय करू? चालत्या गाडीत याच्याशी कुस्ती खेळू?" रंगराव म्हणाले, आणि त्यांनी हात जोडले. देवाला की गेनबाला, ते नवऱ्याला कळलं नाही.

पुढच्या तालुक्यात डिझेल संपलं. गाडी कडेला जाऊन आपली आपण थांबली. तेव्हा बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. अडीच वाजता मिस्त्री मोपेडवरून आले. तोंडावर बोटभर धूळ.

गेनबा स्टेअरिंग घट्ट धरून बसलेलाच होता. म्हणाला, "एकदाही सुटला नाही मिस्त्री. आता लावू का पाय ब्रेकला?"

मिस्त्रींनी मोपेड वळवली. डिझेल आणलं आणि गाडी स्वतः चालवत परत नेली.

मुलीचे वडील भले होते. म्हणाले, "हुकला तो हुकला. गोरज मुहूर्तावर लावू. फक्त त्या ड्रायव्हरला कशाला हात लावू देऊ नका."

गेनबाला मांडवाच्या दाराशी, पाण्याच्या पिंपाजवळ उभं केलं. तिथं तो काय करणार, असा सगळ्यांचा हिशेब. पिंपाजवळ बादली होती, ती हिशेबात कोणी धरली नाही.

संध्याकाळी अक्षता पडल्या. बायकांनी डोळे पुसले. रंगरावांनी दिवसात पहिल्यांदा श्वास सोडला. भटजींनी होम पेटवला. समिधा ओलसर होत्या. मांडवभर धूर झाला.

गेनबाला सांगितलेलं आठवत होतं.

भरलेली बादली त्यानं एका दमात ओतली. अग्नी विझला. नवरा भिजला, नवरी भिजली, भटजींची पोथी भिजली.

गेनबानं बादली खाली ठेवली, भटजींसमोर अदबीनं वाकला आणि विचारलं,

"काय पेटलं होतं?"