उंबरगडचा मुका हेडफोन

“डावीकडचा मेलाय म्हणजे मेलाय!” असं म्हणत सरकारांनी हेडफोन कानावरून ओढला आणि अंजनी कासारणीच्या टोपलीत भिरकावला. अंजनीने तो तेवढ्याच तडफेने उचलून पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला.

“मेला असता तर मी विकला नसता, सरकार. माझ्या टोपलीत मढी नसतात.”

भर सदरेवर, चार माणसांदेखत असं बोलल्यावर एरवी जीभच हासडली गेली असती. पण उंबरगडचं राज्य कधीच खालसा झालेलं, उरला होता नुसता तोरा. आणि जिभा हासडणाऱ्या घराण्यातला शेवटचा पुरुष एसटीत कंडक्टर होता.

झालं होतं असं. सरकार रणधवलरावांना जावयाने खिशात मावेल एवढा गाण्यांचा प्लेअर दिला. त्यात अभंग आहेत, असं सरकार सगळ्यांना सांगत. असायच्या लावण्या. म्हणून तर हेडफोनवाचून भागत नव्हतं. राणीसाहेबांच्या कानी ढोलकीची एक थाप जरी गेली असती, तर प्लेअर विहिरीत पडला असता आणि त्यामागून बहुधा सरकार.

पहिला हेडफोन सरकारांच्याच बुडाखाली येऊन मोडला. नवा घ्यायचा तर हात आखडता. मग राजवाड्याच्या कमानीखाली बसणारी अंजनी आठवली. अंजनी पिढीजात बांगड्या भरणारी. पण हल्लीच्या पोरींना बांगड्या टोचतात, तेव्हा तिच्या टोपलीत एका कडेला चार्जर, मोबाईलची कव्हरं आणि हेडफोनही येऊन बसले होते. त्यातला सगळ्यात स्वस्त सरकारांनी घेतला, तोही घासाघीस करून. आणि आता म्हणे डावीकडचा मुका.

अंजनीने हेडफोन स्वतःच्या कानाला लावून पाहिला. दोन्हीकडे झकास वाजत होता. तिने सरकारांना तो उलटा घालायला लावला, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. तरी सरकारांचं तेच, डावीकडचा मेला. आता दोन्ही बाजू आळीपाळीने मरतात आणि आळीपाळीने जिवंत होतात, असा हेडफोन काही अजून जगात निघालेला नाही. काय मेलंय ते अंजनीला कळलं. तसं ते सदरेवरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. सरकारांना हाक मारायची तर हुजऱ्या वळसा घालून उजवीकडे येई. पण बोलणार कोण?

सरकारांनी हुकूम सोडला. दिवेलागणीच्या आत असा हेडफोन आण, जो दोन्ही कानांत सारखा वाजेल आणि किमतीला याच्याहून कवडीनेही जास्त नसेल. नाही आणलास तर कमानीखालची जागा सोड.

दिवाण नागोपंतांना हेच हवं होतं. कमानीखाली भाच्याचं मोबाईलचं दुकान थाटायचा त्यांचा बेत होता. त्यांनी लगोलग भाच्याकडून मखमली डबीतला महागडा हेडफोन मागवला आणि स्वस्त वस्तू कानाला कशी भोवते यावर सरकारांपुढे प्रवचन लावलं.

अंजनी कमानीखाली येऊन बसली. सासूने बसून गुळगुळीत केलेला तो दगड. तो सुटला की बाजारात उन्हात बसायचं, आणि तिथे तिला कोण बसू देतंय? खरं सांगावं तर जागा जाते, न सांगावं तरी जाते. शिवाय कासारणीचा एक रिवाज असतो. हात केवढाही जाड असो, ती बाईला जाड म्हणत नाही. ‘ही बांगडीच मेली हट्टी’ म्हणते आणि हात दाबत, गप्पा मारत चढवते. जिने हाताला नाव ठेवलं, तिच्यापुढे दुसरा हात येत नाही. पण इथे बांगडीला नाव ठेवावं, तर बांगडी तिचीच!

दिवेलागणीला ती सदरेवर गेली, तोच हेडफोन घेऊन. नागोपंत खो खो हसले. अंजनीने त्यांना हसू दिलं आणि म्हणाली, आधी पंतांचा भारी माल पाहू, पंतांच्याच कानाला लावून. नव्या नवरीचा हात धरावा तशा हळुवारपणे तिने मखमली डबीतला हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला. पंतांनी डोळे मिटले, मान डोलावली, मांडीवर ताल धरला.

“वाहवा, सरकार! डावीकडे उजवीकडे कसा एकसारखा! पैसा बोलतो तो असा.”

“कुठलं गाणं लागलंय, पंत?” सरकारांनी जरा घाबरतच विचारलं.

“अभंग, सरकार. डोळ्यांत पाणी आलं.”

अंजनीने मूठ उघडली. हेडफोनची पिन तिच्या मुठीत होती. प्लेअर सरकारांच्या खिशात.

सदरेवरच्या माणसांना एकाएकी खोकला सुटला. सरकारांनी तो हेडफोन पंतांच्या डोक्यावरून ओढून घेतला, पिन प्लेअरमध्ये खोचली आणि स्वतः ऐकू लागले. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पडला. याचाही डावीकडचा मेलेलाच.

खोकला थांबला. सरकारांनी दोन्ही हेडफोन मांडीवर ठेवले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “मग मेलंय तरी काय, अंजने?”

जो तो आपापल्या पायांच्या अंगठ्याकडे बघू लागला. अंजनीने सरकारांकडे पाहिलं. त्यांच्या डाव्या खांद्याला खांदा लावून, तोंड अगदी कानाशी नेऊन, नागोपंत नेहमीसारखे बसले होते.

ती पदर खोचून उजव्या बाजूला आली आणि एकच वाक्य बोलली. ते ऐकून सरकार असे हसत सुटले की पागोटं गळून पडलं आणि आतून राणीसाहेबांनी काय झालं म्हणून विचारलं. कमानीखालची जागा अंजनीच्या नावे कायमची झाली, वर इरकली लुगडं मिळालं. मखमली डबी भाच्याकडे परत गेली, स्वस्तातला हेडफोन सरकारांच्या कानावर राहिला आणि पंतांची बैठक उचलून पार जोत्याच्या टोकाला नेऊन टाकली. अंजनी एवढंच म्हणाली होती:

“सरकार, हेडफोनही शाबूत आहे आणि कानही शाबूत आहे, पण ज्या बाजूला रोज नागोपंत बसतात, त्या बाजूच्या शहाण्या कानाने केव्हाच दार लावून घेतलंय.”