भरीव रिव्हेट

"एकट्यानं?"

"एकट्यानं, बाबा," जयेंद्र म्हणाला. "सगळा तळ. पुढच्या नाळेपासून पार मागच्या फळीपर्यंत. कुणाचा हात लागू दिला नाही."

दाऊदबाबांनी मान हलवली. ती कौतुकानं हलली की कशानं, हे त्यांच्या मानेकडे बघून आजवर कुणाला कळलेलं नाही. मलाही नाही.

होडी माझी. खाडी ओलांडायची तर मी चालवतो, माणसं पार नेतो, सगळे मला तांडेलकाका म्हणतात. अलीकडच्या बायका पलीकडच्या बाजाराला माझ्याच होडीतून जातात. ॲल्युमिनियमची होडी, हलकी, देखणी. पण पत्रे जोडणारे रिव्हेट सैल झाले आणि तळातून पाणी यायला लागलं. बायका टोपल्या डोक्यावर आणि पाय वर घेऊन बसायला लागल्या, आणि मला जे काही बोलायच्या ते इथं सांगण्यासारखं नाही. शेवटी होडी बाबांच्या मांडवात आणून टाकली.

बाबा म्हणजे फकीर माणूस. टेकडीवरच्या दर्ग्यात सकाळी झाडलोट करायची, मग खाली उतरून खाडीकाठच्या मांडवात होड्या ठोकायच्या. शागिर्द दोन, जयेंद्र आणि भालू. दोघेही कामाला वाघ. पण बाबांनी एकदा बोलून ठेवलं होतं, "ज्याचं काम माझ्या पसंतीला उतरेल, त्याला माझं हत्यार देईन." झालं! त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. एकाच मांडवात जेवायचे, पण एकमेकांकडे पाठ करून.

हत्यार म्हणजे खांबाला टांगलेला तो हातोडा, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. शिसवी दांड्याचा, जुना, झकास हातोडा. तो ज्याच्या हातात जाईल तो बाबांच्या मागून या खाडीचा उस्ताद. जयेंद्रची नजर आत्ताही तिकडेच होती.

बाबा होडीभोवती फिरले. मागच्या फळीपाशी थांबले.

"हे काय?"

"बोल्ट. स्टीलचे." जयेंद्रची छाती फुगली. "रिव्हेट मऊ असतात, बाबा. म्हणून इथं रिव्हेट काढून बोल्टच टाकले. जन्मात तुटायचे नाहीत."

"नाही तुटणार," बाबा म्हणाले.

ते मांडवाच्या कोपऱ्यात गेले. भंगाराच्या ढिगातून पत्र्याचा एक तुकडा काढला आणि जयेंद्रच्या हातात दिला. कुठल्यातरी जुन्या होडीचा तळ. मधोमध स्टीलचा बोल्ट, कालच दुकानातून आणल्यासारखा चकचकीत. त्याच्याभोवती मात्र ॲल्युमिनियम पांढरं पडून भुगा झालेलं. जयेंद्रनं बोटानं टोकरलं तसं ते पिठासारखं झडलं आणि बोल्ट भोकातून आपसूक खाली पडला.

"खाऱ्या पाण्यात होता," बाबा म्हणाले. "कोण टिकलं?"

"बोल्ट."

"आणि होडी कुठाय?"

जयेंद्रनं पडलेला बोल्ट उचलला. मी मधेच बोललो, मला राहवत नाही. "अरे, माझी होडी आहे ती! बोल्ट घेऊन काय मी पोहत जाऊ?"

बाबांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी बिडी पेटवली.

"सगळे काढतो," जयेंद्र म्हणाला. आवाज अजून खणखणीत होता. पोरगं खचणाऱ्यातलं नाही, हे मी कबूल करतो. "तिथं ॲल्युमिनियमचेच रिव्हेट मारतो."

"इंजिनाखालचे राहू दे. तिथं जोर लागतो, स्टीलच हवं. फक्त मधे रबर घाल. अंगाला अंग लागू देऊ नको."

"घालतो. बाकी तळ बघा, बाबा. तळात खोट काढून दाखवा."

शाब्बास रे पठ्ठ्या, मी मनात म्हटलं. बाबांना असं म्हणायला जिगर लागते.

बाबांनी तळावरून हात फिरवला.

"पाणी भर."

"खाडीत ढकलू?"

"आत भर. होडीत."

आता घ्या! जन्मभर मी होडीतलं पाणी उपसत आलो आणि हा म्हातारा भरायला सांगतो. पण दाऊदबाबांना का म्हणून कुणी विचारत नाही. होडी लाकडी घोड्यांवर उचलून ठेवलेली होती. जयेंद्रनं बादल्या आणून ओतल्या, पायाच्या घोट्याएवढं पाणी झालं. मग बाबा होडीखाली वाकले आणि हातात खडू घेऊन बसून राहिले.

तळ कोरडा.

जयेंद्र खांबाला टेकला, अगदी हातोड्याच्या खाली. हसलादेखील.

माझी बिडी संपली.

टप्.

बाबांनी खडूनं एक गोल काढला. मग शेजारी दुसरा. मग खडू थांबेचना. बघता बघता नाळेकडचा तळ गोलांनी भरून गेला, देवी आलेल्या पोराच्या अंगासारखा. जयेंद्रचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"पोकळ आहेत हे," बाबा म्हणाले.

"पॉप रिव्हेट आहेत. बाहेरून लावायचे, मशीननं खेचायचे, बसले. वर फटी बुजवायची लांबी भरलीय मी."

"लांबी किती दिवस राहते?"

जयेंद्रनं एका रिव्हेटवरची लांबी अंगठ्यानं दाबून बघितली.

"भरीव का नाही मारलेस? पेटी भरून पडलेत."

"भरीवाला दोन माणसं लागतात, बाबा. आतून एकानं ठोकायचं. खालून दुसऱ्यानं रिव्हेटच्या डोक्याला ठोकळा लावून धरायचं."

"हं. दुसरं माणूस नव्हतं?"

मांडवाच्या दुसऱ्या टोकाला भालू वल्ह्याला कानस मारत बसला होता. कानस थांबली.

जयेंद्र एकदम वर बघून म्हणाला, "होतं. मी बोलावलं नाही."

"का?"

"मग काम दोघांचं झालं असतं. हातोडा कुणाला मिळाला असता?"

खरं बोलला. त्याच्या तोंडावर बोललो नाही, पण त्या क्षणी मला तो पोरगा फार आवडला. आणि त्याच क्षणी त्याच्या कानाखाली वाजवावीशीही वाटली, कारण बाजाराच्या दिवशी या तळावर तो नाही, आमच्या बायका बसणार होत्या.

मला वाटलं, आता बाबा भडकणार. पण बाबा उठले. खांबावरचा हातोडा काढला. जयेंद्र एक पाऊल पुढे आला. बाबा त्याच्यासमोरून सरळ पुढे गेले आणि हातोडा भालूच्या हातात दिला.

"होडीत चढ," ते म्हणाले. "पाणी काढ. आतून ठोकायचं."

जयेंद्रचा चेहरा असा झाला, की मी तोंड फिरवलं. एवढ्या वर्षांची आशा अशी डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या हातात गेलेली. मलाही वाईट वाटलं, उगाच कशाला खोटं बोलू?

मग बाबा दाराकडे गेले. मांडवाचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून तिथं एक लोखंडी ठोकळा लावलेला असतो. मुठीत मावेल एवढा, काळा. मी कितीदा त्याला ठेचकाळलोय. बाबांनी तो उचलला, लुंगीला पुसला आणि जयेंद्रला दिला.

"खाली जा."

एवढंच.

जयेंद्र निघून जाईल असं वाटलं मला. पण मग त्यानं सदरा काढून खांबाला अडकवला आणि चिखलात उताणा पडून होडीखाली सरकला.

पोकळ रिव्हेट ड्रिल मारून काढले. भोकं थोडी मोठी झाली होती, म्हणून एक नंबर जाड भरीव रिव्हेट घेतले. जयेंद्रनं खालून पहिला घातला. वर भालू.

ठण्, ठण्, ठण्.

बाबांनी वरून बोट फिरवलं. "वाकडा. काढ."

"यानं नीट धरलं नाही," भालू बाबांना म्हणाला.

"यानं मी लावायच्या आत मारलं," खालून जयेंद्र बाबांनाच म्हणाला.

दोघांच्या मधे एक पत्रा, आणि बोलणं मात्र बाबांमार्फत! मला हसू आवरेना.

बाबा म्हणाले, "मला सांगू नका. मी दर्ग्यात चाललो." आणि खरंच टेकडी चढायला लागले.

आता आली का पंचाईत! वरच्याला खालचा दिसत नाही, खालच्याला वरचा दिसत नाही, आणि बोलायचं तर नाहीच. दुसराही रिव्हेट वाकला. भालूनं शिवी हासडली, कुणाला ते नाव न घेता.

भालूनं वाकडा रिव्हेट काढून टाकला.

मग खालून आवाज आला. टक्. ठोकळ्यानं पत्र्यावर एकदाच.

भालूनं कान टवकारले. त्यानं हातोड्यानं हलकेच टेकवलं. टिक्.

खालून पुन्हा, टक्. म्हणजे धरलंय.

ठण्, ठण्, ठण्.

भालूनं वरून बोट फिरवलं. मग पुढच्या भोकाशेजारी हातोड्याचा दांडा टेकवला.

टक्. टिक्. टक्. ठण्, ठण्, ठण्.

मी दुसरी बिडी काढली होती, ती हातातच राहिली. एवढे दिवस एकमेकांना पाणी न विचारणारे दोघं. आणि आता बघावं तर पत्र्याच्या अल्याड-पल्याड गप्पाच चालल्या होत्या म्हणा ना. काडी ओढायचंही मी विसरलो. वय झालं की असं होतं, दुसरं काय!

नाळ संपली, मागची फळी आली. एका जागी भालू हात उचलून थांबला, म्हणाला, "जया, थोडं डावीकडं."

"हं," खालून आवाज आला.

एवढंच बोलले. मला पुरलं.

बाबा खाली उतरले तेव्हा खाडीला भरती लागली होती. होडीत पुन्हा पाणी भरलं. बाबा खडू घेऊन खाली बसले. भालू खांबाजवळ उभा, जयेंद्र त्याच्याजवळ, अंगभर चिखल, केसांत चंदेरी चुरा.

भरतीचं पाणी मांडवाच्या पायरीला लागेपर्यंत बाबा बसून होते.

मग त्यांनी खडू खिशात टाकला. गोल एकही काढला नव्हता.

"तांडेल," ते मला म्हणाले, "ने."

आम्ही सगळ्यांनी मिळून होडी पाण्यात लोटली. होडी लोटली की ज्यानं तळ ठोकला त्यानं पहिल्या फेरीला तळावर मांडी घालून बसायचं, ही बाबांच्या मांडवाची रीत. भालू हातोडा घेऊनच चढून बसला. जयेंद्र काठावरच थांबला. त्यानं ठोकळा खाडीच्या पाण्यात धुतला, सदऱ्याला पुसून कोरडा केला आणि बाबांपुढे धरला.

"दारापाशी ठेवू?"

बाबांनी घेतला नाही. त्याच्या हातातच उलटा केला. खालच्या बाजूला लोखंड झिजून खोलगट झालं होतं, चार बोटं आणि एक अंगठा बसेल असं. जयेंद्रनं आपली बोटं त्यात ठेवून बघितली.

"हे... कुणाच्या हातानं झालं?"

"माझ्या. त्याआधी माझ्या उस्तादांच्या."

होडीतून भालू वाकून बघत होता. मी वल्हं धरून थांबलो.

जयेंद्रनं भालूच्या हातातल्या हातोड्याकडे बघितलं. "बाबा, हे तुमचं हत्यार? मग तो हातोडा..."

बाबांनी त्याच्या पाठीला हात लावून त्याला होडीकडे ढकललं.

"हातोडा बाजारात मिळतो."