मृत अध्यक्षांवरील महाभियोग

महाभियोगाचे कलम सभागृहाला वाचून दाखवणे, एवढेच सभासचिव मृणालिनीबाई चंद्रात्रे यांचे काम होते. धूम्रगडच्या अध्यक्षांचे दहन होऊन महिना लोटला होता. तरीही ते भरदुपारी आपल्या आसनावर बसलेले होते. त्यांच्या भाराने गादी दबत नव्हती. ते येतात, बोलतात, सही करतात, म्हणजे जिवंतच आहेत, असे सत्तापक्ष ठासून सांगे. कालच त्यांनी निरपराध विरोधी नेते पोतनीस यांच्या फाशीच्या हुकमावर सही केली होती. म्हणून विरोधकांनी महाभियोग आणला, आणि या वेळी त्यांच्याकडे पुरेशी मते होती.

अध्यक्ष हसले, तशा खिडक्यांच्या काचा दवाने धुरकटल्या.

"बाई, महाभियोग जिवंत माणसावर चालतो. माझी तर राखही नदीत गेली!"

"अगदी बरोबर, साहेब!" सत्तापक्षाचे रंगराव विंचूरकर यांनी बाक बडवला. "मेलेल्यावर कसला खटला चालवता?"

मृणालिनीबाईंनी कलमाचा कागद खाली ठेवला.

"मान्य, रंगराव. मग एवढेच सांगा, काल सही करताना साहेब जिवंत होते की मृत? जिवंत असतील, तर महाभियोग चालवू. मृत असतील, तर पद महिन्यापूर्वीच रिकामे झाले आणि तो हुकूम कुणाचाच नाही."

रंगराव मान वळवून आसनाकडे पाहू लागले. आसनावरची आकृती विरत विरत दिसेनाशी झाली.

पद रिक्त आहे आणि पोतनीसांची फाशी रद्द आहे, असा ठराव मताला टाकला गेला. विरोधकांनी हात वर केले, मान खाली घालून रंगरावांनीही केला. आणि रिकाम्या आसनावरून एक पांढराफटक हात सावकाश वर आला.