तरसाची चाल

कुण्या एका रानात एक तरस राहायचं. एकदा शिकाऱ्याच्या फासाची तार त्याच्या मागच्या पायात रुतली. ते कण्हत वानराकडे गेलं, तर वानर हसलं, "मागचे पाय आखूड, तुम्ही तरसं जन्माचीच लंगडी! त्यात नवीन ते काय?"

पाणवठ्यावरच्या ऐनाच्या झाडाला बांधलेला कॅमेरा मात्र तरसाला रोज बघायचा. त्याने टिपलेली आधीची चाल आणि आजची चाल ताडून पाहून वनरक्षक सुगंधा मडावी म्हणाली, "हे लंगडणं नेहमीचं नव्हे." माणसं आली, तार कापून गेली.

पाय बरा झाल्यावर तरस ऐनापाशी आलं. "फार उपकार झाले बाबा तुझे."

"मी कसले उपकार केले? मी नुसता बघत होतो," कॅमेरा म्हणाला.

"तेवढंच तर रानात कुणी करत नव्हतं," असं म्हणून तरस त्याच्यासमोरून मुद्दाम सावकाश चालत गेलं.