उखाणा मागणारा पूल

एका राज्यात, जिथे दगडांनाही मानापमान कळत असे, भद्रसेन राजा राज्य करी. नगराच्या मधोमध कालवा वाहे. अलीकडे राजवाडा, पलीकडे राणीचे माहेर. नावेत बसले की राणीला मळमळे, म्हणून तिने वज्रमुष्टी मांत्रिकाला बोलावले. त्याने शंख फुंकला. डोंगरातून चिरे चालत आले, एकमेकांच्या खांद्यांवर बसले आणि दगडी पूल उभा राहिला. राणी हरखून आईला भेटायला गेली.

इकडे राजाने काय करावे? कमानीवर स्वतःचे नाव कोरून घेतले, तेही बिरुदांसकट! मांत्रिक खवळला. "बांधवणारीचे नाव ज्यावर नाही, तो पूल कुणालाही पार नेणार नाही!" असे बोलून तो अदृश्य झाला.

तेव्हापासून पुलावर चढणारा निघाल्या तीरावरच उतरू लागला. नावाही गर्रकन फिरून माघारी येत. राणी तिकडे अडकली, राजा इकडे. दोन दिवस राजाने ऐट मिरवली. मग त्याला घास गिळवेना. सज्जात उभा राहून तो पैलतीर न्याहाळी.

कमानीत राहणारा खंड्या पक्षी म्हणाला, "महाराज, तीन कामे करावीत. नागलोकीच्या पाण्याने पूल धुवावा. राक्षसाच्या उशाखालची छिन्नी आणून आपले नाव तासावे. मग पुलावर उभे राहून बांधवणारीचे नाव उखाण्यात घ्यावे."

"शेवटचे तर अगदीच सोपे," राजा म्हणाला.

नागाला पुंगीने झोपवून, राक्षसाला कुस्तीत लोळवून राजा जेवणवेळेला परत आला. पूल धुतला, नाव तासले. दोन्ही तीरांवर नगर लोटले. राजा खाकरला, लाजला, पुन्हा खाकरला.

"कालव्यावर शोभते दगडी कमान,
राज्यलक्ष्मीचे नाव घेतो, राखून सर्वांचा मान!"

तो रुबाबात निघाला आणि अलीकडेच उतरला.

"हे नाव आपण लग्नात ताटातल्या तांदळांवर लिहिलेत," खंड्या म्हणाला. "मांत्रिकाला राणीसाहेबांनी माहेरचे सांगितले होते."

राक्षस परवडला, असे राजाला झाले. त्याने प्रधानाकडे पाहिले. प्रधान आभाळ निरखू लागला. अखेर मुकुट काढून राजाने हाक दिली, "राणीसाहेब, आपले माहेरचे नाव काय?"

सारे नगर खदखदून हसले. राणी मात्र हसली नाही. तिचे डोळे भरून आले.

"बयजा," ती म्हणाली. "आजवर विचारले नाहीत, महाराज."

"चुकलो," राजा म्हणाला, आणि त्याला खरेच वाईट वाटले.

"कालव्याच्या पाण्यावर चिऱ्यांचा थाट,
बयजाचे नाव घेतो, सोडा आमची वाट!"

पुलाने सुस्कारा सोडला. राजा पलीकडे उतरला, तो थेट सासूबाईंपुढे.

"यावे जावईबापू," त्या म्हणाल्या. "पाने केव्हाची वाढली आहेत."

कमानीवर बयजाचे नाव कोरले गेले, शाप सुटला, लोक ये-जा करू लागले. तरीही त्या नगरातले नवरदेव तांदळांत नवे नाव लिहिण्याआधी नवरीला जुने विचारून पाठ करून ठेवतात. न जाणो, पुलाने अडवलेच तर!