फोटोत न आलेली काटकी

एकदा एक वृद्ध गुरुजी आणि त्यांचा शिष्य वाळवंटाच्या काठावर, एका लहानशा वस्तीला लागून राहत होते. त्यांच्या झोपडीमागच्या बोराटीच्या कुंपणात एक धूळनागीण होती. हा साप बिनविषारी. उंदीर खातो, सकाळी उन्हाला पडतो, कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. मात्र डिवचला तर मान उभारून अशी फुगवतो, की पाहणाऱ्याला नागच वाटावा. गुरुजी तिला शेजारीण म्हणत.

शिष्याला फोटोंचा भारी नाद. आठ दिवस तो कॅमेरा घेऊन कुंपणापाशी ओणवा बसला. पण प्रत्येक फोटोत ती आपली सुतळीसारखी पडलेली. नवव्या दिवशी त्याने बोरीची एक काटकी उचलली आणि तिला टोचले. ती बाजूला सरकली. त्याने पुन्हा टोचले. तिसऱ्या वेळी ती उसळून उभी राहिली आणि त्याला हवा तो फोटो मिळाला. तो त्याने वस्तीतल्या सगळ्यांच्या फोनवर पाठवला. खाली लिहिले, 'आमच्या अंगणातली पाहुणी.' ती बिनविषारी आहे हे लिहावे असे त्याच्या मनात आले होते, पण मग फोटोची ऐट गेली असती!

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाणी घेऊन परतला, तेव्हा धूळनागीण कुंपणापाशी ठेचून पडली होती. शेजारचा मेंढपाळ काठी टेकून घाम पुसत होता.

"वाचलासा बघा, दादा! नाग हुता. माझी पोर रांगत हितवर येती. फोटू बघितल्यापास्नं डोळ्याला डोळा न्हाई."

शिष्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अडाणी माणसा, ती बिनविषारी होती! निष्पाप जीव मारलास तू!"

मेंढपाळाचा चेहरा उतरला. काठी तिथेच टाकून तो खाली मान घालून निघून गेला.

गुरुजी दारातून हे पाहत होते. शिष्य दिवसभर धुमसत राहिला, असल्या लोकांना अक्कल कधी येणार म्हणून. संध्याकाळी तो भाकरी खायला बसला, तोच गुरुजींनी एक काटकी आणून त्याच्या बरगडीत टोचली. शिष्य हसला. त्यांनी पुन्हा टोचली, या वेळी मानेवर. "गुरुजी, दुखतंय." तिसऱ्यांदा त्यांनी ती कानामागे अशी खुपसली, की शिष्य ताट लाथाडून उठला आणि मूठ उगारून ओरडला, "म्हातारपणी वेड लागलंय का तुम्हाला?"

गुरुजींनी दुसऱ्या हातातल्या कॅमेऱ्याची कळ दाबली.

फोटो पाहून शिष्य चरकला. डोळे तारवटलेले, मूठ वर, समोर म्हातारा नाही की काही नाही. एखादा मारेकरीच जणू.

"हा मी वस्तीला पाठवतो," गुरुजी म्हणाले. "खाली काहीच लिहीत नाही."

"पण तुम्ही मला टोचत होतात!"

"ते यात कुठे दिसतंय?"

गुरुजींचा आवाज चढला; इतका चढलेला त्याने कधी ऐकला नव्हता. "तुझाही फोटो खोटा नव्हता. तिने मान फुगवली होतीच. सगळं आलं त्यात, फक्त काटकी आली नाही! त्या बापाने तुझ्यावर विश्वास ठेवला आणि लेकरासाठी काठी उचलली. ती नाग नाही हे या वस्तीत आपल्या दोघांनाच ठाऊक होतं. मी गाफील राहिलो, म्हणून मला माझाही राग येतो. पण तू जाणूनबुजून गप्प बसलास आणि वर त्यालाच अडाणी म्हणालास. जीव तर गेलाच. त्याचं पापही तू भल्या माणसाच्या माथी मारलंस!"

शिष्य कुंपणापाशी पडलेली ती बोरीची काटकी घेऊन मेंढपाळाकडे गेला. मेंढपाळ उपाशीच बसला होता. पोर मांडीवर झोपली होती. शिष्याने काहीही न लपवता सगळे सांगितले.

मेंढपाळाची नजर काटकीवर खिळली. "आन् मी सकाळपास्नं त्या मुक्या जिवाची माफी मागत बसलोय," तो दातओठ खात म्हणाला. "जावा, दादा. आत्ता माझ्यासमोर थांबू नगासा."

परतल्यावर शिष्याने वस्तीला नवा निरोप पाठवला: 'ती बिनविषारी होती. मी तिला टोचले, म्हणून ती उभी राहिली. मेंढपाळाला कुणी बोल लावू नये.' सोबत फोटो होता, तो फक्त काटकीचा.