खोडलेला ठसा

एकदा एका संस्थानी नगरात शस्त्रांचे एक वृद्ध पारखी राहत असत. सारे त्यांना उस्ताद म्हणत. बंदूक हाती घेताच तिचा देश, तिचे सैन्य आणि तिचा काळ ते सांगत, आणि त्यांनी लिहून दिलेली चिठ्ठी संग्राहकांना पुरे होई. तिशीकडे झुकलेला विश्राम त्यांच्याकडे ही विद्या शिकत होता.

लष्करी बंदुकांचा नाद असलेले एक सरदार येणार म्हणून उस्तादांनी दोन बंदुका काढून ठेवल्या. कारखाना एक, सैन्यही एक. पण दुसरीच्या नळीवर एक ठसा अधिक होता. सैन्याने मोडीत काढल्यावर ती परदेशी विकली गेली होती. तिथल्या कायद्याप्रमाणे जादा दारू भरून, नळी फुटत नाही याची परीक्षा घेऊन तो मारलेला होता. अशा परक्या ठशाने बंदुकीचे मोल उतरते, हे विश्रामला ठाऊक होते. संग्राहकाला ती सैनिकाच्या हाती होती तशीच हवी असते. गुरूंचे नुकसान टळावे म्हणून त्याने त्यांच्या नकळत कानशीने ठसा घासून काढला आणि वर झिलई चढवली.

सरदार आले आणि त्यांनी दोन्ही बंदुका पाहिल्या. प्रसन्न होऊन ते म्हणाले, "उस्ताद, दोन्ही अस्सल. दोन्ही बांधा."

उस्तादांनी दुसरीच्या नळीवरून अंगठा फिरवला. तो एका जागी थांबला. त्यांनी तेजाबाची बाटली आणली आणि बोळ्याने त्या जागी दोन थेंब लावले. हळूहळू पोलादावर ठशाची धूसर आकृती उमटली.

"ही घेऊ नका, सरदार. हिच्यावर परका ठसा होता. तो माझ्या दुकानात खोडला गेला."

सरदारांनी ती बाजूला सारली. मग त्यांनी पहिली, निर्दोष बंदूक उचलून खिडकीशी नेली आणि भिंग लावून तिचे एकेक चिन्ह पुन्हा तपासू लागले. बऱ्याच वेळाने "कळवतो" एवढेच म्हणून ते निघून गेले.

"तुमच्या भल्यासाठीच केलं, उस्ताद," विश्राम खालमानेने म्हणाला. "तुम्ही बोलला नसता, तर त्यांना कळलंही नसतं."

"ठसा मारताना खालचं पोलादही दबतं, बेटा. वरचं घासलं तरी ते तसंच राहतं," उस्ताद शांतपणे म्हणाले. "परक्या ठशानं हिचं मोल उतरलं होतं, हे खरं. ज्याला सैन्याचीच निशाणी हवी, त्यानं कमी द्यावं. त्यात अन्याय नाही. पण एक ठसा पुसलास आणि उरलेल्यांची साक्षही संशयात आली. त्या निर्दोष बंदुकीकडे सरदार कसे पाहत होते, पाहिलंस ना? उद्या तेजाब दुसऱ्या कुणी लावला असता, तर माझ्या एकाही चिठ्ठीला अर्थ उरला नसता."

विश्रामने कानस उचलून पेटीत ठेवली. मग त्याने कागद ओढला आणि लिहिले : "नळीवर परदेशी परीक्षेचा ठसा होता. तो खोडलेला आहे." चिठ्ठी बंदुकीला बांधता बांधता तो थबकला. पुन्हा लेखणी उचलून त्याने पुढे तीन शब्द घातले, "माझ्या हातून. विश्राम."

उस्तादांनी ते वाचले आणि बंदूक दर्शनी फळीवर ठेवली.